ब्रश एम्ब्रॉयडरी: पाकळीची कड तारेसारखी उभी राहते, तेव्हा

ब्रश एम्ब्रॉयडरी म्हणजे केकवर आयसिंगची रेघ काढायची आणि ती ओलसर ब्रशने आत ओढत फूल भरायचं. पहिल्या तीन पाकळ्या सुरेख येतात आणि चौथीपासून बिघडायला लागतं. कोनाने काढलेली आयसिंगची रेघ ब्रशखाली पसरतच नाही, तारेसारखी तशीच उभी राहते. थोडा जोर दिला की तिच्यावरचा पापुद्रा सुटतो, साखरेचे बारीक कण फॉन्डंटवर (केकवर लाटून लावलेल्या साखरेच्या कणकेवर) विखुरतात, ते टिपायला जावं तर तिथे ओला डाग पडतो. शेवटी अख्खं फूल खरवडून काढायचं आणि नव्यानं सुरू करायचं. ब्रश एम्ब्रॉयडरी शिकणाऱ्या मैत्रिणींकडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार हीच, आणि ती एकदा होऊन थांबत नाही. दर नव्या केकला पुन्हा समोर येते.

मीही यातून गेले आहे. पुण्यात असताना दीड-दोन वर्षं माझ्या पाकळ्या अशाच अडायच्या. ब्रश बदलले, नोझल बदललं, आयसिंग शुगरचा ब्रँड बदलला. हात अजून बसला नाही, असंच वाटत राहिलं. मग आम्ही डोंबिवलीला राहायला आलो आणि जुलैमध्ये मी डोहाळजेवणाचा एक केक घेतला. फिकट हिरव्या फॉन्डंटवर पांढरी फुलं. रेसिपी तीच, ब्रश तोच, नोझल तेच. या वेळी रेघ वाळेचना. ब्रश लावला की कड बसकी व्हायची, पुढची पाकळी मागच्या पाकळीत मिसळून जायची, आणि तासाभराने पाहिलं तर फुलाच्या जागी पांढरट पसारा. त्या रात्री ट्रेसमोर बसले असताना पहिल्यांदा लक्षात आलं की हात दोन्ही गावांत तोच आहे. बदललं ते पाणी.

तेव्हापासून मी ब्रश एम्ब्रॉयडरीतला प्रत्येक बिघाड पाण्याच्या बाजूने पाहायला लागले. ब्रशमध्ये किती पाणी आहे, आयसिंगमध्ये किती, खालच्या फॉन्डंटमध्ये किती आणि हवेत किती. दहातल्या नऊ अडचणी या चार ठिकाणीच सापडतात.

पाकळी कशी दिसायला हवी

माझी आई उशीच्या अभ्र्यांवर लांब-आखूड टाक्याने फुलं भरायची. कडेला टाके दाट, एकाला एक लागून. आत जाताना एक लांब, एक आखूड. पण सगळ्यांचं तोंड फुलाच्या डोळ्याकडे. ब्रश एम्ब्रॉयडरी हेच भरतकाम आहे, फक्त साखरेत केलेलं. बाहेरची कड उंच आणि अखंड राहते, तिच्या आतल्या बाजूने ब्रशच्या रेघा निघतात आणि मध्याशी येईपर्यंत थर इतका पातळ होतो की खालचा रंग दिसायला लागतो. म्हणून हे काम रंगीत फॉन्डंटवर पांढऱ्या आयसिंगने केलं की सगळ्यात उठून दिसतं. पैठणीच्या केकवर आसावलीची वेल काढायला मला याहून सुंदर तंत्र माहीत नाही.

आता ही कड का अडते? रॉयल आयसिंग म्हणजे आयसिंग शुगर, अंड्यातला पांढरा भाग आणि थोडं पाणी. पाणी उडत जातं तसे साखरेचे कण एकमेकांना घट्ट धरतात. हे वाळणं वरून सुरू होतं, तापलेल्या दुधावर साय धरते तसं. १ किंवा २ नंबरच्या नोझलने काढलेली रेघ जाड दोऱ्याएवढी असते, तिच्यात पाणी असं कितीसं असणार? कोरड्या हवेत, डोक्यावर पंखा असेल तर मिनिटभरात तिच्यावर साय धरते. आत ती अजून मऊ असते, म्हणून आपण फसतो. बोट लावलं तर दबते, पण ब्रश लावला तर पापुद्रा तुटतो.

एप्रिलच्या दुपारी पुण्यातली आर्द्रता २० ते ३० टक्क्यांवर येते. जुलैत मुंबई, ठाणे, डोंबिवलीकडे ती ८० टक्क्यांच्या वर असते. एकाच रेसिपीने दोन्हीकडे काम होईल अशी अपेक्षा ठेवण्यातच माझी चूक होती.

सगळ्यात आधी ब्रश तपासा

ब्रश ओलसर हवा, ओला नको. हे वाक्य प्रत्येक क्लासमध्ये सांगतात, पण ओलसर म्हणजे किती, हे कुणी दाखवत नाही. मी अशी खूण ठरवली आहे. ब्रश पाण्यात बुडवायचा, वाटीच्या कडेला निथळायचा, मग चार पदरी टिश्यूवर आधी एक बाजू, नंतर दुसरी बाजू अशी हलकेच टेकवायची. आता तोच ब्रश डाव्या हाताच्या पाठीवरून ओढायचा. गारवा जाणवला पाहिजे, पण ओलं चमकणारं पट्ट्यासारखं काही उमटता कामा नये. चमक दिसली तर पुन्हा टिश्यू. गारवाही लागला नाही तर पुन्हा पाणी. दर पाकळीला ही खूण करून पाहायला दोन सेकंद लागतात. महिनाभरानंतर हाताची पाठ लागत नाही, टिश्यूवरचा डाग बघून कळतं.

ब्रश जास्त ओला असेल तर काय होतं ते एकदा मुद्दाम करून बघा. रेघेच्या आतल्या बाजूला पाणी साचतं, आयसिंग पातळ होऊन दुधासारखं वाहतं, ब्रशच्या रेघा उमटतच नाहीत. वाळल्यावर तिथे गुळगुळीत, जरा पारदर्शक थर राहतो. फॉन्डंटवर थेंब पडला असेल तर तिथली साखर विरघळून खड्डा पडतो आणि तो चकाकतो. हा खड्डा नंतर भरता येत नाही, त्यावर पान किंवा कळी काढून झाकावा लागतो.

ब्रश कोरडा असेल तर उलटं. तो आयसिंग पसरवत नाही, उचलतो. केसांमध्ये आयसिंग अडकतं आणि पुढच्या ओढीला तेच गाठीसारखं पाकळीवर उतरतं. म्हणून दोन-तीन ओढींनंतर ब्रश पाण्यात हलवून, टिपून मगच पुढे जायचं. पाण्याची वाटी गढूळ झाली की बदला, साखरेच्या पाण्याने ब्रश चिकट होतो.

ब्रश सिंथेटिक केसांचा, चपटा, कडेला सरळ कापलेला घ्या. मोठ्या पाकळ्यांना ४ नंबर, बारीक फुलांना २ नंबर. चित्रकलेच्या दुकानात फार मऊ, खारीच्या केसांचे ब्रशही मिळतात. ते पाणी खूप धरतात आणि दाबाखाली वाकतात, त्यांनी हे काम होत नाही. आणि केकचे ब्रश फक्त केकलाच.

कड वाळते आणि ब्रश अडतो

हा कोरड्या हवेतला, पंख्याखालचा, एसीतला बिघाड. पहिला उपाय फुकटचा आहे: पंखा बंद करा. डोक्यावरचा पंखा चालू ठेवून ब्रश एम्ब्रॉयडरी होत नाही, हे मी ठामपणे सांगते. उकडत असेल तर काम पहाटे करा, मे महिन्यात मी सकाळी सहाला बसायचे.

दुसरा उपाय सवयीचा. अख्खी पाकळी एकदम काढू नका. अर्धी कड काढायची, कोन खाली ठेवायचा, ब्रश उचलायचा, ओढायचं. मग उरलेली अर्धी. रेघ काढल्यापासून ब्रश लागेपर्यंत पंधरा-वीस सेकंदांच्या वर जायला नको. यासाठी कोन, ब्रश, टिश्यू, वाटी सगळं एकाच हाताच्या टप्प्यात हवं. अनेकींचा वेळ इथेच जातो: कोन ठेवायला एकीकडे, ब्रश दुसरीकडे, टिश्यू मागे. मी कोन डाव्या हातात आणि ब्रश उजव्या हातात धरते. कोन वापरायच्या वेळी ब्रश कनिष्ठिकेजवळ अडकवून ठेवायचा. सुरुवातीला अवघड जातं, मेंदीच्या कोनाची सवय असलेल्या मुलींना पटकन जमतं.

तिसरा उपाय पाइपिंग जेल, म्हणजे केकच्या नक्षीसाठी मिळणारं पारदर्शक, गोड जेल. चार मोठे चमचे रॉयल आयसिंगला एक छोटा चमचा पाइपिंग जेल हे जुनं, खात्रीचं प्रमाण आहे. जेल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे साय उशिरा धरते. जेल घालून स्पॅच्युलाने हळूच कालवायचं, फेटायचं नाही. जेल मिसळल्यावर आयसिंग सैल होतं, म्हणून मूळ आयसिंग जरा घट्ट ठेवलेलं बरं. जेलऐवजी ग्लिसरीनचे एक-दोन थेंब घालतात, तेही चालतं, पण मला जेलने मिळणारी ओढ जास्त आवडते. ब्रशची रेघ स्पष्ट उमटते.

आयसिंगचा घट्टपणा पाहायचा तो असा. स्पॅच्युला वर उचलली की टोक उभं राहून शेंडा जरा वाकला पाहिजे, पोपटाच्या चोचीसारखा. टोक ताठ राहिलं तर ते गुलाबाच्या कामाचं आयसिंग, ब्रशच्या कामाचं नाही. ज्यांच्या कडा सतत अडतात त्यांचं आयसिंग मी पाहिलं की बहुतेक वेळा तेच ताठ आयसिंग असतं. क्लासमध्ये गुलाब शिकताना बनवलेलं, तसंच पुढे वापरलेलं. त्यात थेंब थेंब पाणी घाला, चमच्याने ओतू नका.

कोनाचं तोंड आणि वाटी दोन्ही उघडी राहू देऊ नका. वाटीवर ओलं, घट्ट पिळलेलं मलमलचं फडकं, आणि कोन ठेवायला एक पेला, त्यात तळाशी ओला टिश्यू. नोझल त्या टिश्यूत टेकवून ठेवायचं.

ताटावर जमतं, केकवर जमत नाही

हा प्रश्न वेगळा घेते, कारण यात फार जणी खचून जातात. सराव स्टीलच्या ताटाच्या पालथ्या बाजूवर किंवा प्लास्टिकच्या फाइलवर केलेला असतो. तिथे फूल अगदी रेखीव येतं. केकवर तेच फूल अडतं. कारण सोपं आहे: स्टील पाणी पीत नाही, फॉन्डंट पितं. आदल्या रात्री लावून वाळलेलं फॉन्डंट रेघेतलं पाणी खालून ओढतं आणि वरून हवा ओढते. रेघ दोन्हीकडून वाळते.

ताटावरचा सराव वाईट नाही. धुऊन पुन्हा वापरता येतं, हात मोकळा होतो, कोनाचा दाब कळतो. पण शेवटचा सराव फॉन्डंटवरच करा. केकला लावलेल्या फॉन्डंटचा उरलेला तुकडा त्याच वेळी लाटून, केकशेजारीच ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी केकला हात लावण्याआधी त्या तुकड्यावर दोन फुलं काढायची. तो तुकडा आणि तो केक सारखेच वाळलेले असतात, त्यामुळे तिथे जे होईल तेच केकवर होणार. माझ्या आयसिंगमधलं पाणी, जेल, घट्टपणा हे सगळं त्या दोन फुलांवर ठरतं. ही सवय लागली त्या दिवसापासून माझ्या केकवरचं खरवडणं बंद झालं.

नक्षीचा ठसा मात्र फॉन्डंट ताजं असतानाच उठवायचा. फुलाचा कटर हलकेच टेकवला की कड उमटते, आरपार कापायचं नाही. वाळलेल्या फॉन्डंटवर ठसा उठत नाही, भेगा पडतात. तिथे ट्रेसिंग पेपर ठेवून स्वच्छ टाचणीने बारीक टिंबं टोचावीत.

पावसाळ्यात पाकळ्या ओघळतात

आता उलटा बिघाड. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यात हाच त्रास. पापड सादळतो तसं फॉन्डंट सादळतं, वरून चिकट होतं, आणि त्यावरची रेघ वाळायचं नाव घेत नाही. अशा दिवसांत पाइपिंग जेल आणि ग्लिसरीन दोन्ही बंद. जे पाणी धरून ठेवतं ते या हवेत नको. आयसिंग नेहमीपेक्षा जरा घट्ट, शेंडा किंचितच वाकेल असं. ब्रश टिश्यूवर एकदा जास्त टिपायचा.

खोलीत एसी असेल तर काम सुरू करण्याआधी अर्धा तास लावा आणि केकही त्याच खोलीत आणून ठेवा. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, गारव्यापेक्षा त्याचा हा उपयोग मोठा. एसी नसेल तर फूल झाल्यावर टेबल फॅन लांबून, हलका लावता येतो. फूल काढताना नाही, झाल्यावर.

आणि घाई करू नका. मागच्या पाकळ्या आधी, पुढच्या नंतर, हा क्रम सगळ्यांना ठाऊक असतो: आधी पानं, मग बाहेरच्या पाकळ्या, मग आतल्या, शेवटी मधले ठिपके. पावसाळ्यात या प्रत्येक टप्प्यानंतर थांबावं लागतं. मागची पाकळी हाताला कोरडी लागेपर्यंत तिला टेकून पुढची काढली तर दोन्ही एक होतात. मी एका वेळी तीन-चार फुलं हाती घेते. सगळ्यांच्या एक सोडून एक पाकळ्या काढते, फिरून येईपर्यंत पहिल्या फुलाच्या पाकळ्या वाळलेल्या असतात. मग मधल्या भरते.

गडद रंगाचं आयसिंग या दिवसांत टाळा. लाल किंवा काळा रंग गाठायला जेल कलर बराच घालावा लागतो आणि तेवढ्या रंगाने आयसिंग आणखी उशिरा वाळतं, शेजारच्या पांढऱ्यात उतरतं. फॉन्डंट गडद ठेवून नक्षी पांढरी ठेवणं केव्हाही सोपं.

कड चांगली, पण आत काहीच नाही

कड नीट उभी आहे, ब्रशही चालतो, पण रेघा मध्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि पाकळी पोकळ दिसते. इथे पाण्याचा दोष नाही, माल कमी पडतो. मोठ्या पाकळीला एक रेघ पुरत नाही. बाहेरची कड काढून झाली की लगेच तिच्या आतून, तिला चिकटून, दुसरी रेघ नागमोडी काढायची. ब्रश ओढताना ही आतली रेघ पसरते आणि बाहेरची शाबूत राहते. ब्रश तिरका, साधारण ४५ अंशांत धरून रेघेच्या आतल्या अर्ध्या भागावर टेकवायचा. रेघेच्या डोक्यावर ठेवला तर कड सपाट होते. दाब सुरुवातीला, मग मध्याकडे येता येता हात उचलत जायचा, झाडू मारल्यासारखं खाली दाबत न्यायचं नाही.

दिशा चुकली तर पाकळी सपाट वाटते. प्रत्येक ओढ फुलाच्या डोळ्याकडेच हवी, पाकळीच्या बुंध्याकडे नुसती सरळ खाली नाही. पानाला मात्र मधल्या शिरेकडे तिरपी ओढ. आई भरतकाम करताना अभ्रा फिरवत राहायची. केकही तसाच टर्नटेबलवर फिरवा, ओढ नेहमी स्वतःकडे येईल असा.

रेघ तुटते, फुगे दिसतात, नोझल तुंबतं

मिक्सरमध्ये घरी दळलेली साखर १ नंबरच्या नोझलला चालत नाही. कितीही चाळली तरी एखादा कण राहतो आणि बरोबर पाकळीच्या मध्यावर अडकतो. आयसिंग शुगर विकतची घ्या आणि तीसुद्धा मलमलच्या कपड्यातून गाळा, साध्या चाळणीवर विसंबू नका.

फुगे येतात ते जास्त फेटल्यामुळे. व्हिस्क लावून वेगात फेटलं की आयसिंग फुगतं, पांढरंशुभ्र दिसतं, पण आत हवा भरलेली असते. रेघ मध्येच तुटते आणि वाळल्यावर ठिसूळ होते. बीटर कमी वेगावर ठेवा. तयार आयसिंग झाकून तासभर ठेवून द्या आणि वापरण्याआधी स्पॅच्युलाने वाटीच्या भिंतीवर घासून हवा काढा.

मी घेते ते प्रमाण असं: १५० ग्रॅम आयसिंग शुगर, एक मोठा चमचा मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची भुकटी), पावणेदोन ते दोन मोठे चमचे कोमट पाणी, लिंबाच्या रसाचे दोन थेंब. एका मध्यम केकच्या नक्षीला हे पुरून उरतं. भांडं, बीटर, स्पॅच्युला यांवर तुपाचा किंवा तेलाचा अंशही नको. चरबी लागली की आयसिंग धरत नाही, सैल पडत जातं. मी भांडी लिंबाच्या फोडीने पुसून घेते.

रेघ फॉन्डंटला चिकटतच नाही

कोन उचलला की रेघही सोबत उचलली जाते, किंवा ब्रश लावल्यावर अख्खी कड सरकते. फॉन्डंटवर कॉर्नफ्लोअर राहिलं आहे. लाटताना टाकलेलं पीठ मऊ कोरड्या ब्रशने पूर्ण झटकून घ्या. उलट, फॉन्डंट चमकावं म्हणून हाताला शॉर्टनिंग (वनस्पती तुपासारखी घट्ट चरबी) लावून ते गुळगुळीत केलं असेल तर त्या तेलकट थरावर पाणी टिकत नाही, ब्रशची ओढ तुटक तुटक येते. ज्या भागावर नक्षी येणार तिथे शॉर्टनिंग लावायचं नाही.

व्हिप्ड क्रीमच्या केकवर

आपल्याकडे बहुतेक ऑर्डर व्हिप्ड क्रीमच्या असतात आणि त्यावर हीच नक्षी हवी, अशी मागणी येते. रॉयल आयसिंग थेट व्हिप्ड क्रीमवर टिकत नाही. क्रीममधलं पाणी त्याला विरघळवतं, चरबी खालून मुरते, आणि केक फ्रिजमध्ये ठेवावाच लागतो. यात हाताची चूक शोधत बसू नका, गिऱ्हाईकाला आधीच सांगा.

दोन वाटा आहेत. पहिली, वेगळी चकती. पाव किलो फॉन्डंटमध्ये एक छोटा चमचा टायलोज पावडर (फॉन्डंट कडक वाळवणारी भुकटी) मळून तीन मिलिमीटर जाड लाटायचं, गोल कापायचं, दोन-तीन दिवस उलटसुलट वाळवायचं. नक्षी चकतीवर करायची आणि केक पाठवताना, खाली त्याच मापाचा बटर पेपर ठेवून क्रीमवर टेकवायची. लोक ती चकती महिनोन्महिने काचेच्या कपाटात जपून ठेवतात, मला ते बघून फार बरं वाटतं. दुसरी वाट बटरक्रीमची. केक बटरक्रीमने लावून फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायचा, मग बटरक्रीमनेच कड काढून ओलसर ब्रशने ओढायचं. रेघा रॉयल आयसिंगइतक्या नाजूक येत नाहीत, पण इथे साय धरण्याची भीती कमी. इथली घाई हाताच्या उबेची असते, कोनातलं क्रीम सैल पडू लागलं की कोन फ्रिजमध्ये.

एगलेस मागणी आली तर

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मेरिंग पावडर म्हणजे वाळवलेल्या अंड्याचा पांढरा भाग. पांढरी भुकटी बघून ती शाकाहारी समजू नका. अंडं न खाणाऱ्या घरात, पूजेच्या किंवा बारशाच्या केकवर ती घालणं म्हणजे त्या माणसांचा विश्वास मोडणं.

त्याऐवजी काबुली चणे मीठ न घालता शिजवून त्यांचं पाणी आटवायचं, ते अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट झालं की गार करून आयसिंग शुगरमध्ये फेटायचं. याचं आयसिंग जरा मऊ राहतं आणि उशिरा वाळतं. ब्रशच्या कामाला ते सोयीचंच, पावसाळ्यात मात्र थांबायची तयारी हवी. तयार एगलेस रॉयल आयसिंग मिक्सही आता आपल्याकडे मिळतं. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी इंग्लंडमध्ये केक-सजावटकार एडी स्पेन्स यांच्याकडे रॉयल आयसिंगचे धडे घेतले आणि अंड्याशिवायच्या रॉयल आयसिंगमध्ये मिलानच्या कॅथेड्रलची १०० किलो वजनाची प्रतिकृती उभी केली. २०२२ मध्ये लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने तिची नोंद घेतली. एगलेस आहे म्हणून नाजूक काम होत नाही, असं कुणी म्हटलं की मी त्यांचं काम दाखवते.

झालेलं काम सांभाळताना

नक्षी पूर्ण झालेला फॉन्डंट केक रात्रभर खोलीत, पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये ठेवा. प्लास्टिकच्या बंद डब्यात ओल आतच कोंडते. आतलं सारणही त्या हिशोबाने निवडा: गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं दाट मिश्रण) चालतं, ताजं क्रीम आणि फळं नकोत, कारण फ्रिजमधून बाहेर काढलेल्या केकवर घाम येतो आणि तो घाम थेट पाकळ्यांवर बसतो. मी बॉक्सच्या झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिते: फ्रिजमध्ये ठेवू नका, उन्हात ठेवू नका.

तरी कुणी फ्रिजमध्ये ठेवलाच आणि केकला घाम आला, तर फोन येतो. तेव्हा सांगायचं की पुसू नका, टिश्यू लावू नका, बोट लावू नका. बॉक्स उघडा, केक टेबलावर ठेवा, पंखा हलका लावा. तासाभरात पाणी उडतं. कड थोडी बोथट होते, पण फूल राहतं.